सांगणारी आणि लिहून घेणारा

हंसा वाडकरांचं नाव निघालं की वऱ्हाडातले लोक ते पुण्या-मुंबईच्या खात्यात टाकून मोकळे होतात. मला ते पटत नाही. हंसाबाईंचे चित्रपट आज किती जण पाहतात? त्या आज भेटतात त्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनातून. आणि ते ज्यांनी ऐकून कागदावर उतरवलं, ते अरुण साधू आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यात जन्मलेले.

हंसाबाईंचा जन्म १९२३ चा, खरं नाव रतन साळगावकर. घराण्याचं नाव सिनेमात नको म्हणून वाडकर आलं. घराण्याला कमाई मात्र चालणार होती. १९३६ च्या 'विजयाची लग्ने'पासून त्या कोवळ्या वयात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पुढे प्रभातचा 'संत सखू', शांताराम बापूंचा 'लोकशाहीर रामजोशी', राजा परांजप्यांचा 'पुढचं पाऊल'. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. आपल्याकडे सी.पी.-बेरार हा सिनेमाच्या वितरणाचा वेगळा इलाखा होता, त्याच्या कचेऱ्या भुसावळात आणि अमरावतीत. तिथून रिळांच्या पेट्या टॉकीजांत आणि जत्रेतल्या तंबूंत जायच्या. पडद्यावरच्या हंसाबाई वऱ्हाडाला परक्या नव्हत्या.

त्यांच्या आयुष्याकडे पाहताना मला जपानच्या सेत्सुको हारा आठवतात. जन्म १९२०, पहिला चित्रपट १९३५, तोही घरच्यांसाठी. यासुजिरो ओझूंच्या सहा चित्रपटांत त्यांनी काम केलं. 'लेट स्प्रिंग'मध्ये बापाला सोडून जायला तयार नसलेली लग्नाची मुलगी, 'टोकियो स्टोरी'त सासू-सासऱ्यांना पोटच्या पोरांपेक्षा जास्त जपणारी विधवा सून. डोळ्यांत पाणी असताना हसावं कसं, हे त्या बाईकडून शिकावं. १९६३ च्या सुमारास, ऐन बेचाळिशीत, त्यांनी काम थांबवलं. अभिनय आपल्याला कधी आवडलाच नाही, घर चालवायचं म्हणून केला, असं त्यांनी सांगून टाकलं आणि कामाकुराच्या घराचं दार लावून घेतलं. मुलाखत नाही, छायाचित्र नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये त्या गेल्या, ती बातमीसुद्धा लोकांना नोव्हेंबरात कळली. चाहते रागावले होते. मला तो राग अन्यायाचा वाटतो. घराची देणी फिटल्यावर बाईनं स्वतःपुरतं जगायचं ठरवलं, तर प्रेक्षकाचं देणं कुठलं उरतं?

हंसाबाईंनाही थांबायचं होतं. लग्न झालं की कामं बंद, आता संसार, ही त्यांची साधी इच्छा. ती पुरी झाली नाही, कारण घर त्यांच्याच मिळकतीवर चालत होतं. नवऱ्याचा संशय, नको असताना झालेले गर्भपात, दारू, घर सोडून जाणं, मराठवाड्यातल्या एका खेड्यात जमीनदाराच्या वाड्यात आधीच्या बायकांसोबत पडद्याआड काढलेला काळ, हे सगळं त्यांनी सांगितलं आहे. 'संत सखू'त सखू पंढरीला जाते आणि तिच्या रूपानं घरची कामं करायला प्रत्यक्ष विठोबा येतो. ती सखू ज्यांनी रंगवली, त्यांच्या जागी उभं राहायला कुणी आलं नाही.

हारांनी न सांगण्याचा हक्क बजावला, हंसाबाईंनी सांगण्याचा. पण सांगायला समोर ऐकणारा लागतो, आणि तो कसा आहे यावर पुष्कळ ठरतं. साधू तेव्हा विशीतले पत्रकार होते. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अजून पुढे होतं. श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस'मध्ये हे कथन आलं, १९७० साली पुस्तक झालं. एवढा समर्थ लेखक, पण पानोपानी कुठे आडवा येत नाही. बाई चुकली असं म्हणत नाही, बाई बिचारी असंही म्हणत नाही. आठवणी मागेपुढे होतात, त्या तशाच राहू दिल्या आहेत. नटीच्या आयुष्यावर उपदेशाचं पांघरूण घालायचा मोह त्या काळात किती मोठा असेल! तो त्यांनी टाळला, याचं मोल मला फार वाटतं.

ही रीत आपल्या मातीत जुनी आहे. परतवाड्याहून फार लांब नसलेल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. म्हाइंभट संस्कृतचे पंडित. पण ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे ते गेले, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतलं आणि बोलीतलं बोलणं बोलीतच ठेवलं. सांगणाऱ्यांत बायकाही होत्या. साधूंच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. लिहिणाऱ्यानं आपली विद्वत्ता बाजूला ठेवून दुसऱ्याचा शब्द सांभाळायचा, ही शिस्त मात्र तीच आहे.

याच कथनावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला. स्मिता पाटीलना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ते योग्यच होतं. तो वाड्यातला कोंडमारा त्यांनी नजरेतून उभा केला. तरी तिथे हंसाबाईंची उर्वशी झाली आणि मराठी बोलणं हिंदी झालं. दिग्दर्शक आपल्याला त्या बाईकडे पाहायला लावतो. पुस्तकात तीच आपल्याकडे बघून बोलते. पुष्कळांनी नुसता सिनेमा पाहून हंसा वाडकर कळल्या असं मानलं, ते मला खटकतं.

आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथे 'लीळाचरित्र' शिकवलं जाईलच. त्याच्या शेजारी 'सांगत्ये ऐका' ठेवावं. आणि मुलांना अमरावती-अकोल्यातल्या तमाशात, नाटकांत, वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेल्या बायकांकडे पाठवावं. ज्यांना बोलायचं असेल त्यांचं त्यांच्याच वऱ्हाडीत लिहून घ्यावं, ज्यांना नसेल त्यांच्या दारातून मुकाट परत यावं.