ताशी 45

आजचं वाचन: रोमकरांस पत्र, अध्याय 13. चांगलं वागणाऱ्याला अधिकाऱ्याची भीती कशाला, असं संत पौल म्हणतो.

मला मात्र गेल्या आठवड्यात वाटली. रात्री हायवेने माणिकपूरला घरी येत होतो. पेट्रोल वाचावं म्हणून हल्ली 45 च्या पुढे जात नाही. 45 ते 55 चा वेग ठेवा, हा पीसीआरएचा जुनाच सल्ला. वसई फाट्याच्या अलीकडे पोलिसाने हात दाखवला. “घेतलीय का?” मशीनमध्ये फुंकलो. शून्य! मग जरा ऐटीतच म्हणालो, “साहेब, पेट्रोल वाचवतोय.”

“वाचवा की. पण मधल्या लेनमधून? मागे ट्रकची रांग बघितली का?”

नव्हती बघितली. नजर सगळी मायलेजच्या आकड्यावर. मागचे ड्रायव्हर ब्रेक मारत, गिअर बदलत डिझेल जाळत होते आणि मी हिशेबात फक्त माझी टाकी धरली होती.

पौल त्याच अध्यायात पुढे शेजाऱ्यावरच्या प्रीतीकडे वळतो. मी अधिकाऱ्यांच्या ओळींवरच थांबतो, कारण तिथे निर्दोष ठरणं सोपं. मशीन शून्य दाखवतं, झालं.

आता 45 नेच येतो, पण डावीकडून, आरशात बघत. मायलेजचा आकडा मात्र अजून अधूनमधून बघतोच.