रिपोर्ट कधी, हे विचारलंच पाहिजे

महामार्ग आणि रेल्वेच्या काठचं, भातगिरण्यांचं गाव असलेली इगतपुरी तालुक्यातली घोटी आसपासच्या वाड्यापाड्यांसाठी औषधपाण्याचीही बाजारपेठ आहे. टाकेदकडून, भावलीकडून, वैतरणेच्या बाजूने माणसं इथे दवाखान्यात येतात. पुढची गरज पडली तर नाशिक. रक्त, थुंकी, कधी गाठीचा तुकडा तपासायला दिला जातो आणि ‘रिपोर्ट आला की सांगतो’ एवढं ऐकून माणूस घरची वाट धरतो. रिपोर्ट कोणत्या तारखेला येणार, कोण सांगणार, निरोप आलाच नाही तर कुणाला विचारायचं, यातलं बहुतेक वेळा केसपेपरवर काहीच नसतं. माझी तक्रार आहे ती या न लिहिलेल्या गोष्टींबद्दल.

उशीर झाला की दोष डॉक्टरांचाच, असं मी म्हणणार नाही. लघवीच्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतातच. क्षयाचे जंतू इतके सावकाश वाढतात की कल्चरमध्ये काही उगवलं नाही, हे ठामपणे सांगायला सहा आठवडे जातात. त्याच थुंकीची सीबीनॅट चाचणी मात्र काही तासांत होते. बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढून रंगवायचे, आणि शंका उरली तर आणखी चाचण्या करायच्या. या कामात घाई झाली तर निदान चुकेल. तेवढं थांबायची रुग्णाची तयारी असते. किती थांबायचं ते मात्र त्याला सांगायला हवं. आणि रिपोर्ट तयार होऊनही तो टेबलावर, फायलीत किंवा कुणाच्या तरी फोनमध्ये पडून राहतो, त्या दिवसांचं समर्थन कोणत्याही शास्त्राने होत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 23 दवाखान्यांतल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांची कागदपत्रं तपासली गेली. ज्या रिपोर्टमध्ये लक्षणीय बिघाड दिसत होता, त्यातल्या साधारण चौदांपैकी एका बाबतीत रुग्णाला कळवल्याची नोंदच सापडली नाही. ‘काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक’ असं कुणी धरून चालू नये, असं संशोधकांनी बजावलं. आपल्याकडे तर हाच समज घराघरात आहे. डॉक्टर काही बोलले नाहीत, म्हणजे काही नसेल. काहीजण याच भरवशावर महिनोन्‌महिने घरी बसतात आणि येतात तेव्हा आजार पुढे गेलेला असतो.

पावसाळ्यात आवणी सुरू झाली की इगतपुरी तालुक्यात घरातल्या एकालाही सवड नसते. रिपोर्टसाठी मारलेला एक फुकट हेलपाटा म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर गाडीभाडं. ‘अजून आला नाही, पुढच्या आठवड्यात बघा’ हे वाक्य काउंटरवरून सहज निघतं, पण दुसऱ्यांदा ते ऐकलेली बाई तिसऱ्यांदा बहुधा येत नाही. सरकारी दवाखान्यांतल्या महालॅबच्या मोफत चाचण्यांनी 2017 पासून खर्चाचा भार हलका केला, निरोप मोबाइलवर येऊ लागले, आणि ही खरोखर मोठी सोय आहे. पण अर्जावर नंबर कुणाचा असतो? बहुतेक वेळा नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. तो दिवसभर कामावर. तिच्या अंगातल्या आजाराची बातमी आधी त्याच्या खिशात पोचते आणि तिला ती कधी कळावी, कळावी की नाही, हेही तोच ठरवतो. ‘पेशंटला सांगू नका’ अशी गळ घालणारे आपण नातेवाईकच असतो. माया म्हणून केलेला हा उशीरही उशीरच, आणि त्याला मान डोलावणारे डॉक्टर रुग्णाला अंधारात ठेवण्यात सहभागी होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याच्या दृष्टीने यात फारसा संदेह नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारविषयक नियमांनुसार रुग्णाने कागदपत्रं मागितली की 72 तासांत द्यावी लागतात. त्याआधी 1996 मध्ये, रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात, गोपनीयतेचं कारण सांगून रुग्णापासूनच कागद दडवता येणार नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. पण मागितल्यावर देणं आणि स्वतःहून सांगणं यात मोठं अंतर आहे. ज्याला रिपोर्ट आलाय हेच ठाऊक नाही, तो मागणार काय?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. समजावून सांगणारं कुणी नसताना नुसता कागद हाती पडला तर माणूस धास्तावेल. हे खरं आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या रिपोर्टमधले ठळक आकडे पाहून घरदार रात्रभर जागतं. तरीही अमेरिकेत 2021 पासून रिपोर्ट तयार होताच रुग्णाला दिसू लागले, आणि पुढे आठ हजारांहून अधिक लोकांना विचारलं तेव्हा 95 टक्क्यांहून जास्त लोकांनी, डॉक्टरांनी अजून पाहिला नसला तरी आम्हाला तो लगेच हवा, असं सांगितलं. धास्ती वाटू नये यासाठी रिपोर्ट रोखून धरणं हा उपाय नव्हे. नमुना घेतानाच काय निघू शकतं आणि निघालं तर पुढे काय करायचं, हे दोन मिनिटं बोललं तर पुष्कळ भागतं.

शंभर-दीडशे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना कुणाचा रिपोर्ट यायचा आहे हे लक्षात राहणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच ते डोक्यात न ठेवता वहीत ठेवावं. यायच्या रिपोर्टची यादी, समोर तारीख, रुग्णाला सांगितल्यावर खूण. संध्याकाळी दवाखान्यातल्या कुणीही ती पाहावी आणि खूण नसलेल्याला फोन करावा. फोन लागत नसेल तर गावच्या आशाताईंकडे ‘दवाखान्यात येऊन जा’ एवढाच निरोप द्यावा, आजाराचं नाव न घेता.

आणि रुग्णाने? गावात एकच भरवशाचा डॉक्टर असतो, उद्या मध्यरात्री त्याच्याच दारात जायचं असतं, म्हणून माणसं गप्प बसतात. ही भीती खोटी नाही. पण चाचणीचं नाव, नमुना दिल्याची तारीख आणि सांगितलेली मुदत लिहून केलेला साधा अर्ज म्हणजे भांडण नव्हे. पहिला अर्ज डॉक्टरांकडेच द्यावा आणि पोच घ्यावी. सरकारी रुग्णालयात उत्तर मिळालं नाही तर वैद्यकीय अधीक्षक आहेत, त्यांच्या वर जिल्हा शल्यचिकित्सक आहेत. खासगी रुग्णालयांना महाराष्ट्राच्या 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक केलं आहे. ती भिंतीवर दिसत नसेल तर तेही अर्जात लिहावं. नमुना देताना केसपेपर पुढे करून ‘तारीख लिहून द्या’ म्हणायला तर अर्जही लागत नाही.