गरज की डौल?

जुनी एसयूव्ही नव्या लहान मोटारीच्या किमतीत मिळू शकते. मात्र किंमत एकदाच मोजावी लागते. इंधन व दुरुस्ती यांचा भार कायमचा. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणून ‘परवडेल का?’ याआधी ‘कशासाठी?’ हे विचारावे. वृद्ध आई-वडील, मोठे कुटुंब, खडतर रस्ता असेल तर ती गरज. एकट्याने रोज कचेरीत जाताना मिरवण्यासाठी घेतली तर इसराफ.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ती लोकांना दिसेल अशी वर का ठेवली नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. विकणाऱ्याने दोष सांगावा, हे त्याचे कर्तव्य. घेणाऱ्याने बॉनेटखाली पाहावे, तसेच स्वतःच्या हेतूच्या तळाशीही हात घालून पाहावा.