उजेड आवाजाचा की आर्गॉनचा?

निळसर चमकणाऱ्या लाटांचा एक व्हिडिओ सध्या आंजर्ल्यात फोनाफोनांतून फिरतो आहे. खाली मजकूर असा, की लाटांच्या नादातून प्रकाश जन्मतो, सोनोल्युमिनेसन्स, म्हणजे आवाजाने पाण्यातल्या बुडबुड्यांतून निघणारा उजेड, हा त्याचा पुरावा आणि म्हणून नादब्रह्मावर विज्ञानाचं शिक्कामोर्तब झालं. नादब्रह्माला अशा शिक्क्याची गरज कधीपासून पडली, कोण जाणे! लाटांतली ती चमक नॉक्टिल्युका या सूक्ष्म एकपेशीय जीवांची असते. पाणी ढवळलं की ते उजळतात. बुडबुड्यांच्या उजेडाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

त्या उजेडाचा इतिहास मात्र खरा आहे, आणि तो चमत्कारवाल्यांना अडचणीचा आहे. त्याची सुरुवात जहाजाच्या पंख्यापासून होते. हर्णै बंदरात दुरुस्तीला काढलेल्या लाँचचा पंखा जवळून पाहिला, तर पात्यांवर किडलेल्या दातासारखे बारीक खड्डे दिसतात. खाऱ्या पाण्याने धातू झिजतोच, पण पात्याजवळ तयार होऊन तिथेच मिटणारे बुडबुडेही तो कुरतडतात. लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये त्याचं गणित मांडलं. पोकळी मिटताना चहूबाजूंचं पाणी आत धावतं आणि दाब प्रचंड वाढतो. १९३४ मध्ये कोलोनला फ्रेन्झेल आणि शुल्टेस यांना श्राव्यातीत ध्वनी सोडलेल्या पाण्यात उजेड सापडला. पुढची पन्नास वर्षं तो एक कुतूहल म्हणूनच राहिला. १९८९च्या सुमारास मिसिसिपीत फेलिपे गायटन यांनी एकच बुडबुडा पाण्यात अडकवून ठेवला. तो सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा फुगतो, मिटतो आणि दर वेळी लुकलुकतो. आवाजाची विखुरलेली ऊर्जा तिथे एक लाख कोटी पटींनी एकवटते, असा हिशेब निघाला आणि कल्पनांना पंख फुटले. ज्युलियन श्विंगर यांच्यासारख्या नोबेल विजेत्याने निर्वात पोकळीच्या ऊर्जेत उत्तर शोधलं. २००२ मध्ये बुडबुड्यात अणुसंमीलन साधल्याचा दावा झाला, पण त्याला इतरत्र पटण्याजोगा दुजोरा मिळाला नाही.

या कथेचा कळस म्हणून लोक हेच प्रसंग सांगतात. खरं वळण त्यांच्या मधे येतं, आणि ते 'रसायनाचा तपशील' म्हणून बाजूला टाकलं जातं. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या पुटरमन गटाने शुद्ध नायट्रोजनचा बुडबुडा करून पाहिला. उजेड अगदीच क्षीण. त्यात एक टक्का आर्गॉन मिसळताच तो हवेच्या बुडबुड्याइतका उजळला. हवेतही आर्गॉन साधारण एवढाच असतो! १९९७ मध्ये डेटलेफ लोझे आणि सहकाऱ्यांनी याचा उलगडा मांडला. मिटताना बुडबुड्यात काही हजार अंशांचं तापमान होतं. त्या उष्णतेत नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू फुटतात. त्यातून बनलेली संयुगं पाण्यात विरघळतात, आणि कशाशीच संयोग न पावणारा आर्गॉन मागे उरतो. हजारो फेऱ्यांनंतर हवेचा बुडबुडा जवळजवळ आर्गॉनचाच होतो. पुढच्या वर्षीच्या प्रयोगांनी हे उचलून धरलं.

आता नादवाल्यांना एकच प्रश्न विचारावा. आवाज तोच, पाणी तेच, मग वायू बदलताच उजेड का मावळतो? ऊर्जा आवाजाकडून येते, यात वाद नाही. पण बुडबुडा दाबण्याचं काम आत धावणारं पाणी करतं, आणि उजेड देतो तो तापलेला वायू. लुकलुक टिकते सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी. प्रखर तापमान म्हणजे मुबलक ऊर्जा नव्हे, हे विसरलं की आधी अणुभट्टीची स्वप्नं पडतात आणि मग ब्रह्माची.

मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी उजेडाच्या मागे न लागता त्या उष्णतेला आणि दाबाला कामाला लावलं. मिटणाऱ्या बुडबुड्यांच्या मदतीने तेलाचं जलविघटन करण्यावरचा त्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. पुढे सांडपाण्यातल्या विषारी द्रव्यांचा नाश करण्यासाठीही तिथे हाच मार्ग चोखाळला गेला. बुडबुड्याचं मोठेपण सिद्ध करायला मला एवढं पुरेसं वाटतं.