नाथांची शांती आणि आपला राग



फाल्गुन महिन्यात नाथषष्ठीसाठी पैठणला निघालेले वारकरी चितेगावावरून पुढे जातात. उन्हातून चालून आलेली मंडळी मंडपात घटकाभर टेकतात आणि मग कोणीतरी शांतिब्रह्म एकनाथ महाराजांची ती कथा काढतेच. गोदावरीचे स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक उन्मत्त मनुष्य थुंकतो. नाथ पुन्हा स्नानास जातात, तो पुन्हा थुंकतो. परंपरा सांगते की असे १०८ वेळा घडले. शेवटी तो मनुष्य पायांवर पडला, तेव्हा नाथांनी उलट त्याचेच आभार मानले. त्याच्यामुळे एकाच दिवशी गोदामाईची इतकी स्नाने घडली होती.

ही कथा ऐकून आपण बहुधा एकच अर्थ घेतो : राग आला तरी तो गिळावा. कार्यालयात बसून इतकी वर्षे भाविकांची गाऱ्हाणी ऐकल्यावर मला हा अर्थ अपुरा, किंबहुना घातक वाटू लागला आहे. नाथांनी राग गिळला असे कथेत कोठेही नाही. त्यांनी घडलेल्या गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी पालटली. थुंकी ही अपमानाची खूण न राहता स्नानाचे निमित्त झाली, आणि मग गिळण्यासारखे काही उरलेच नाही.

या दोहोंतील अंतर आधुनिक मानसशास्त्रानेही मोजले आहे. अमेरिकेतील संशोधक जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांना किळस यावी असा चित्रपट दाखविला. काहींना सांगितले, मनातले चेहऱ्यावर दिसू देऊ नका. काहींना सांगितले, अलिप्त दृष्टीने असा पाहा की मनात काही उमटणारच नाही. पहिल्यांचे चेहरे शांत राहिले, परंतु आतली किळस तसूभरही कमी झाली नाही, आणि शरीरावरचा ताण मात्र वाढला. दुसऱ्यांची किळसच उणावली. वरून पाहणाऱ्यास दोघेही सारखेच शांत वाटले असते!

नाथांनी १५७३ साली काशी येथे पूर्ण केलेल्या भागवतटीकेत, एकादश स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात, भिक्षुगीत आहे. अवंती नगरीतील एक कृपण ब्राह्मण सर्व धन गमावून भिक्षू होतो. लोक त्याची विटंबना करतात, त्याच्या अन्नावर घाण टाकतात. तो शोध घेतो की आपल्या दुःखाचे कारण कोण? ही माणसे, देवता, ग्रह, कर्म, की काळ? एकेक कारण तपासून तो बाजूला ठेवतो आणि अखेर आपल्या मनापाशी येऊन थांबतो. ज्यांना सवड आहे त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजतो. घरात मारझोड सोसणाऱ्या भगिनीस ही कथा सांगून गप्प बसविणे हा नाथांचा अपमान आहे. अन्याय थांबविणे वेगळे आणि मनाची आग विझविणे वेगळे.

पण सर्वांनाच दृष्टी पालटणे एकट्याने साधते काय? ज्ञानेश्वर माउलींनाही एकदा ते साधले नव्हते, असे परंपराच सांगते. लोकांनी केलेल्या अपमानाने खिन्न होऊन ते झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हा धाकटी बहीण मुक्ताई दाराशी आली आणि तिने त्यांना साद घातली. ताटीचे अभंग ते हेच. माउलींनाही कोणीतरी दाराशी यावे लागले, यात मला फार मोठा दिलासा वाटतो.

माझाही अनुभव असाच आहे. वडिलांच्या पश्चात शेताच्या बांधावरून थोरल्या बंधूंशी माझा अबोला झाला. मी कधी वाकडा शब्द बोललो नाही, त्यामुळे स्वतःला मोठा संयमी समजत होतो. प्रत्यक्षात रात्र रात्र झोप नसे, जेवणावरची वासना उडालेली, आणि पावतीवर नाव चुकले एवढ्यावरून मी शिपायावर ओरडत असे. चौथ्या वर्षी भाऊबीजेला बहीण आली. ओवाळण्याआधी म्हणाली, “अण्णा, तुम्ही शांत नाही, तुम्ही बंद झाला आहात.” त्या सायंकाळी मी तिच्याजवळ प्रथमच मोकळेपणी बोललो, रडलोही. बांधाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. झोप मात्र लागते, आणि दादांकडे जाणे-येणे सुरू आहे.

दुष्काळ, कर्ज, गेलेली नोकरी, मोडलेली सोयरीक अशी ओझी घेऊन अनेक जण येथे येतात. अभिषेक करावा, नामस्मरण करावे. मन स्थिरावते हे मी पाहिले आहे. तथापि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन रमत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर केवळ शांतीपाठावर विसंबू नये. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य असून रात्रंदिवस चालते आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक आम्ही देणगी खिडकीशेजारीही लावला आहे. काही देणगीदारांना तो तेथे शोभत नाही असे वाटले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून तो तेथेच ठेवला आहे.

दुपारी महाप्रसादानंतर कार्यालयात गर्दी नसते. कोणास काही बोलावयाचे असल्यास अवश्य यावे. पावती फाडलीच पाहिजे असे नाही.

चिटणीस, देवस्थान कार्यालय, चितेगाव