श्रवणाची कावड आणि सर्वांची गाडी

श्रवणकुमाराची कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. अंध मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रेस नेणारा तो पुत्र मातृपितृभक्तीचा आदर्श होय, याविषयी दुमत नाही. परंतु कथा ऐकताना आपले लक्ष दशरथाच्या बाणाकडे आणि पुढील शापाकडे जाते, आणि एक साधी गोष्ट नजरेतून निसटते. बाण लागला तो एकाला. यात्रा संपली ती तिघांची. त्या वृद्ध दांपत्याची सारी वाट एकाच खांद्यावर अवलंबून होती. तो खांदा पडताच तीर्थे दूरच राहिली.

यावरून मनात एक प्रश्न उभा राहतो व तो सभासद कुटुंबांपुढे विचारार्थ ठेवावासा वाटतो. वृद्धांना जेथे जावयाचे असेल तेथे त्यांना जाता यावे, हे पाहणे केवळ पुत्राचे कर्तव्य आहे, की समाजाचेही? आणि समाजाचे असेल, तर तो उपकार समजावा की ऋणफेड?

प्रश्न दूरचा नाही. बऱ्हाणपूर आणि नेपानगर यांच्या दरम्यानचे आपले चांदनीचे स्थानक घ्या. मुंबईहून खंडवा-इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते असल्याने गाड्यांची धडधड अहोरात्र कानी येते. पण वेगवान गाड्यांना लहान स्थानकाशी कर्तव्य नसते. येथल्या माणसाचा आधार म्हणजे ठिकठिकाणी थांबणारी साधी गाडी. सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजींचा विचार करावा. त्यांना बऱ्हाणपुरास डोळे दाखवावयाचे असतात, रावेरास आजारी बहिणीला भेटावयाचे असते, कोठे कीर्तनाला बसावयाचे असते. निवृत्तिवेतन असेल, तर वर्षातून एकदा हयातीचा दाखलाही द्यावयाचा असतो. आजकाल तो घरबसल्या देण्याची सोय झाली आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु हयात असणे आणि चारचौघांत वावरणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

अशा वेळी घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : “आई, तू कशाला दगदग करतेस? रविवारी मी नेईन तुला.” या वाक्यात माया आहे, हे कोण नाकारील? परंतु रविवारी पाहुणे येतात, पुढच्या रविवारी काम निघते, आणि आईची इच्छा हळूहळू विनंती बनते. दोनतीनदा विनंती करून झाली की ती स्वतःच म्हणू लागते, “राहू दे, आता काय जायचे!” आपण याला निवृत्ती म्हणतो, प्रसंगी वानप्रस्थाचेही नाव देतो. वास्तविक वानप्रस्थ हा स्वेच्छेने स्वीकारावयाचा आश्रम आहे. वाहन न मिळाल्यामुळे घडलेला एकांतवास तो नव्हे.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. शेजारच्या महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना एस. टी. चा प्रवास विनामूल्य झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्ध्या भाड्याची सवलत आहे. मात्र या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत. ज्यांची लेक बऱ्हाणपुरात आणि भाऊ रावेरात, त्यांच्या नात्यांना हद्द नसते, सवलतीला असते. इकडे मध्यप्रदेशचे राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला, आणि पुढे रस्त्यावरील प्रवास मुख्यतः खाजगी गाड्यांच्या हाती गेला. रेल्वेत साठ वर्षांवरील पुरुषांना चाळीस टक्के व अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पन्नास टक्के सवलत होती; मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात ती थांबली आणि साथ ओसरल्यावरही वर्षानुवर्षे थांबलेलीच राहिली. त्याच काळात साध्या गाडीचे किमान भाडे दहा रुपयांवरून तीस झाले. ते पुन्हा दहावर यावयास २०२४ साल उजाडले. वीस रुपयांचा फरक आपणांस क्षुल्लक वाटेल. पण ज्या आजींना प्रत्येक रुपया मुलाकडे मागावा लागतो, त्यांच्या दृष्टीने तो एका प्रवासाचा निकाल असतो.

मातापित्यांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ सालचा कायदाही येथे आठवतो. निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार, असे तो सांगतो. कायद्याने एवढे सांगितले हे योग्यच झाले. पण जाण्यायेण्याचे नाव त्या यादीत नाही. वृद्धाला जेवूखाऊ घातले, औषध दिले, की कर्तव्य संपले, ही आपल्या मनातील समजूतच जणू त्या यादीत उतरली आहे.

यावर कोणी म्हणेल, की सवलतीचा पैसा अखेर दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून येतो. मग तो दानधर्मच नव्हे काय? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु दान आणि ऋण यांत भेद आहे. दान किती द्यावे हे दाता ठरवितो. ऋण किती, हे घेतलेल्यावरून ठरते. नेपानगरचा कागदाचा कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. त्यानंतरची दशके जे हात तेथे राबले, ज्यांनी या भागात शेते कसली, रूळ सांभाळले, शाळा चालविल्या, ते हात आज काठीवर टेकले आहेत. ज्या वाटेने आपण वेगाने जातो ती त्यांनी घातलेली आहे. त्या वाटेवर त्यांना जागा देणे, यास उपकार कसे म्हणावे?

मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपुरास निघते, तेव्हा दिंडीत पांढऱ्या केसांची माणसे कितीतरी दिसतात. “या वयात कशाला?” असे त्यांना तेथे कोणी विचारीत नाही. तेथे वृद्ध हा कोणी वाहून न्यावयाचे ओझे नसतो. तो वारकरी असतो. एरवीच्या प्रवासातही त्याला तोच मान मिळावयास हवा.

शासनाने करावयाचे शासन करो. त्यासाठी आपण मागणीही केली पाहिजे. पण आपल्या हातातले थोडे पाहू. घरोघरी दुचाकी आल्या आणि आपण सर्वांची गाडी सोडून दिली. धडधाकट माणसे उतरून गेली की गाडीच्या फेऱ्या कमी होतात, आणि मागे राहतात ते ज्यांना दुसरा उपाय नाही. म्हणून महिन्यातून काही वेळा तरी त्या गाडीने जावे, आणि जाताना शेजारच्या आजोबांना “येता का?” असे विचारावे. गाडीत जागा देताना चेहऱ्यावर उपकाराचा भाव नसावा. पायरी उंच असेल तर हात पुढे करावा. तो धरावयाचा की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे. आणि आपल्या उत्सवाची, कीर्तनाची वेळ ठरविताना आधी परतीच्या गाडीची वेळ पाहावी. शेवटची गाडी निघून गेल्यावर संपणाऱ्या कार्यक्रमाला आपण वृद्धांना बोलाविले, असे म्हणता येत नाही.

श्रवणाची भक्ती थोर होतीच. परंतु प्रत्येक घरी श्रवण असतोच असे नाही, आणि असलेल्या श्रवणाचा खांदाही कधीतरी थकतो. ज्या कावडीला गावाचे अनेक खांदे लागतात, ती एका बाणाने खाली येत नाही.