दुसऱ्यांदा पाहतांना

पुण्यांत जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळांत कलाशाळेच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं दहा माणसांचे खून पाडले. त्या प्रकरणावरून १९८६ सालीं ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट निघाला. तो आमच्या आवडीचा; परवां अमरावतीस आम्ही तो पुनश्च पाहिला. पहिल्या वेळीं कुतूहल ही सबब असते. दुसऱ्या वेळीं पुढचें सारें ठाऊक असतें; तरी आम्ही नेमकी त्याच भीषण प्रसंगाची वाट पाहतों, आणि त्या उत्सुकतेस नाना पाटेकरांच्या अभिनयाची आवड असें सभ्य नांव देतों.

अकोल्याहून आलेले स्नेही शेजारीं होते. त्यांनीं विचारलें, “अहो, पण मेले कोण कोण, तें सांगाल का?” आम्हांस मारेकऱ्याची नजर आठवत होती. संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे काशिनाथशास्त्री अभ्यंकर त्या दहांत होते, हें मात्र प्रयासानें आठवावें लागलें.

दुष्टाचें अंतरंग पाहिल्यावांचून दुष्टता ओळखावी कशी, हा युक्तिवाद खोटा नव्हे. पण ओळख निराळी आणि गोडी निराळी. कायद्यांतील माफीचा साक्षीदार गुन्ह्यांत सामील असतो, पण सर्व सत्य सांगून सुटतो. आम्ही आपल्या गोडीविषयीं अवाक्षर न काढतां स्वतःस माफी देतों. असे चित्रपट पुन्हा पाहूं नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. पाहणाऱ्यानें आपली साक्ष आधीं द्यावी, इतकेंच.